चौदा ग्रॅम

बाबांची फियाट सत्तरच्या पुढे गेली की आरशात मागचा ट्रक दुहेरी दिसायला लागायचा. साठपर्यंत सगळं ठीक. पासष्टला स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा बारीक गुणगुणायला लागायचा, सत्तरला आरसा थरथरायचा, आणि मग बाबा न बोलता पाय थोडा उचलून घ्यायचे. १९८६ची प्रीमियर पद्मिनी. आरसी बुकात पद्मिनी, घरात कायम फियाट.

ही थरथर गाडीला जन्मापासून नव्हती. २००९मध्ये धुळ्याहून नाशिकला येताना चांदवडच्या अलीकडे इंजिन खडखडलं आणि धूर काढायला लागलं. ज्या गॅरेजात गाडी ओढून नेली तिथे हेड उघडलं, तिसऱ्या पिस्टनची रिंगेची कड तुटलेली निघाली. त्यांनी तेवढा एकच पिस्टन बदलला. गिअरबॉक्स उतरलाच होता म्हणून क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी, इंजिनाबरोबर फिरणारी प्रेशर प्लेटही नवी टाकली. गाडी चालू झाली आणि पहिल्याच आठवड्यात बाबा म्हणाले, "इंजिन अंगाला लागतंय." गॅरेजवाल्यांचं उत्तर ठरलेलं होतं. जुनी गाडी आहे काका, एवढं असायचंच.

पुढची दहा वर्षं आम्ही काय काय केलं. फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबर दोनदा बदलले. चाकांचं बॅलन्सिंग केलं. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, बदलले. बाबा दरवेळी सांगायचे की चाकांचा संबंध नाही. ते गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये रेस देऊन दाखवायचे. गाडी जागेवर, चाकं जागेवर, आणि आरसा थरथरतोय. क्लच दाबून दाखवायचे, तरी तेच. त्यांचं निदान अगदी बरोबर होतं, दोष इंजिनाच्याच बाजूला होता. मी मात्र एकदा त्यांना म्हणालो, "बाबा, तुम्हाला भास होतोय." २०१९ला ते गेले. ते वाक्य माझ्यापाशी राहिलं.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. आधी बाबांचा होता, आता माझा. सराफ बाजारातले काटे, पिंपळगाव-लासलगावकडचे व्यापाऱ्यांचे काटे, किराणा दुकानातले टेबलावरचे काटे. दुरुस्त करायचे, प्रमाणित वजनं ठेवून तपासायचे, आणि वैधमापनवाल्यांच्या पडताळणीला उभे करायचे. सराफाकडे काट्यावर शंभर मिलिग्रॅम इकडेतिकडे झालं तर त्याच दिवशी फोन येतो. अशा माणसाच्या घरच्या गाडीत दहा वर्षं वजनाचा दोष होता आणि तो वजन करून बघावा हे मला सुचलं नाही. सुचलं ते गेल्या वर्षी, इंजिन पुरतं उघडलं तेव्हा.

कसारा घाट चढताना निळा धूर यायला लागला होता आणि ऑइल तर गाडी पेट्रोलसारखं पीत होती. आमचे मेस्त्री शिंगाडा तलावाजवळ बसतात, पासष्टीचे आहेत, बाबांना तात्या म्हणायचे. त्यांनी बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्या नळीत सरकतो तिच्यात, बोट फिरवलं आणि म्हणाले, "भाऊ, वरती काठ लागतोय बघा. आता नुसत्या रिंगा टाकून भागणार नाही." म्हणजे बोअरिंग, चारही नवे पिस्टन, क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्याने गोल फिरतो तो दांडा) ग्राइंड, नवी बेअरिंगं. पूर्ण काम.

जुने पिस्टन त्यांनी डब्यात टाकले होते. मी ते घरी आणले, कार्बन खरवडला, रॉकेलने धुतले, उन्हात वाळवले आणि दुकानातल्या सराफी काट्यावर एकेक ठेवला. काटा सहाशे ग्रॅमचा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. पंखा बंद केला. इतक्या बारीक काट्याला वाराही वजन वाटतो.

पहिला २८७.४. दुसरा २८६.९. चौथा २८७.१. तिसरा ३०१.२.

तिसरा परत ठेवला. काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवला. दोनशेचं आणि शंभरचं प्रमाणित वजन ठेवून काटाच तपासला. तीनशे म्हणजे तीनशेच दाखवत होता. पिस्टन ३०१.२.

चौदा ग्रॅम. सराफ बाजारात चौदा ग्रॅम म्हणजे एक मंगळसूत्र. त्या रात्री मी आईला नुसतं एवढंच सांगितलं की बाबा बरोबर होते.

आता या चौदा ग्रॅमचं इंजिनात काय होतं ते सांगतो, कारण हे मलाही नीट कळायला आठवडा लागला. माझ्या डोक्यात आधी असं पक्कं बसलं होतं की पिस्टनचं वजन बदललं की क्रँक नव्याने बॅलन्स करावाच लागतो. ते सगळ्या इंजिनांना लागू नाही.

आपल्या चार सिलिंडरच्या सरळ रांगेतल्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन एकत्र वर जातात, त्याच वेळी दुसरा आणि तिसरा खाली येतात. जुना दांडीचा तराजू डोळ्यांसमोर आणा. एका पारड्यात एक आणि चार, दुसऱ्यात दोन आणि तीन. दोन्ही पारड्यांत सारखंच वजन असेल तर दांडी आडवी. आता चारही पिस्टन पाच-पाच ग्रॅमनी जड घातले तर? दोन्ही पारड्यांत दहा-दहा ग्रॅम वाढले, दांडी होती तिथेच. म्हणून या इंजिनात चारही पिस्टन एकदम बदलले आणि ते एकमेकांशी जुळले, तर नव्या वजनासाठी क्रँकला हात लावायची गरज नसते. क्रँकचे काउंटरवेट, म्हणजे त्याच्या अंगावरची तोलाची वजनं, असतात ते मुख्यतः बेअरिंगांवरचा भार हलका करायला आणि क्रँक स्वतः वाकू नये म्हणून. एकच पिस्टन बदलला आणि तो जड निघाला, की दांडी कलली.

पारड्यांची बेरीज जुळली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. समजा पहिला सहा ग्रॅम जड आणि चौथा सहा ग्रॅम हलका. बेरीज तीच. पण इंजिनाचं पुढचं टोक एका वेळी उचललं जाणार, मागचं दुसऱ्या वेळी, आणि इंजिन होडीसारखं डुलणार. म्हणून चारही सारखेच हवेत.

एकाच सिलिंडरच्या बुलेटमध्ये समोर दुसरं पारडंच नाही. तिथे पिस्टनच्या वजनाचा ठरावीक हिस्सा फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, वजनाने तोललेला असतो, आणि पिस्टन बदलला की तो हिशेब हलतो. व्ही आकाराच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात तर क्रँक बॅलन्स करताना प्रत्येक क्रँकपिनवर, म्हणजे रॉड जिथे क्रँकला जोडतात तिथे, बॉबवेट नावाचं तात्पुरतं वजन बांधतात. त्यात फिरणारं वजन पूर्ण धरतात आणि वरखाली होणारं साधारण निम्मं. तिथे वेगळ्या वजनाचे पिस्टन घातले तर क्रँक पुन्हा बॅलन्स करणं भागच आहे. परदेशी गाड्यांच्या सल्ल्यांत ही सक्ती दिसते ती अशा इंजिनांमुळे.

जोर किती पडतो याचंही गणित मांडलं. पद्मिनीचा स्ट्रोक ७५ मिमी, म्हणजे क्रँकची त्रिज्या ३७.५ मिमी. सत्तरच्या वेगाला, टॉप गिअरमध्ये, इंजिन मिनिटाला साधारण तीन हजार फेरे घेतं. त्या फेऱ्यांना चौदा ग्रॅमचा जोर येतो जवळजवळ पाच किलोचा. पाच किलोचं वजन सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली ओढतंय असं समजा. फेरे दीडपट केले की जोर सव्वादोनपट होतो, कारण जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो.

मला गुन्हेगार सापडला, असं मी धरून चाललो.

नवा पिस्टन सेट आणला, ०.४ मिमी ओव्हरसाइज. म्हणजे बोअर ६८ची ६८.४ झाली आणि १०८९ सीसीचं इंजिन ११०२च्या घरात गेलं. खोकं सीलबंद, वर 'सेट' छापलेलं. दुकानात काटा नव्हता म्हणून घरी येऊन पिनेसकट, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणाऱ्या खिळीसकट, वजनं केली. ३७५.८, ३७६.४, ३७६.०, ३८२.१. एक सहा ग्रॅमनी जड. नीट बघितलं तर तीन पिस्टनच्या आतल्या बाजूचा ओतकामाचा आकडा एक आणि चौथ्याचा वेगळा. कुणीतरी एक बदलून सेट पुरा केलेला. परत नेला तर दुकानदार म्हणाला, "साहेब, माप तर बरोबर आहे ना? वजन कोण बघतं?" माप खरंच बरोबर होतं, मायक्रोमीटर लावून बघितलं. सेट बदलून मिळाला नाही.

मेस्त्रींचंही पहिलं मत तेच. "भाऊ, चाळीस वर्षं इंजिनं बांधतोय, वजन कधी केलं नाही." मी जुने चार पिस्टन आणि काटा त्यांच्या बाकावर नेऊन ठेवला. तिसरा ठेवला, आकडा बघितला, त्यांनी स्वतः उचलून परत ठेवला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तात्या मला पण म्हणाले होते. मी फाउंडेशन बघितलं." त्यानंतर वजनाच्या कामात ते माझ्यापेक्षा जास्त कडक झाले.

पुढचं काम कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं. रॉड नुसता काट्यावर टाकून वजन करून भागत नाही, कारण त्याची दोन टोकं दोन वेगळी कामं करतात. क्रँककडचं मोठं तोंड गोल फिरतं, पिस्टनकडचं छोटं तोंड वर-खाली होतं. दोन्ही वजनं वेगळी काढावी लागतात. छोटं तोंड काट्यावर, मोठं तोंड बाहेर एका टेकूवर, आणि रॉड बरोबर आडवा. या टेकूपाशी लोक चुकतात. टेकूला घर्षण असेल तर एकच रॉड चार वेळा ठेवला की चार आकडे मिळतात. आमच्याकडे जुन्या दांडीच्या तराजूंची पोलादी धार पडून होती, ज्या धारेवर दांडी डुलते ती. ती घासून टेकूला लावली. तराजू मोडीत गेला, धार कामी आली. मग आकडे दहाव्या भागापर्यंत जुळायला लागले. नंतर टोकं उलटी करून मोठ्या तोंडाचं वजन काढलं. दोन्हींची बेरीज अख्ख्या रॉडच्या वजनाशी जुळली पाहिजे. हीच तपासणी. बेरीज चुकली तर रॉड आडवा नव्हता असं समजावं.

छोट्या तोंडांची वजनं आली १५८.३, १५७.९, १५५.६ आणि १५८.१. तिसरा रॉड अडीच ग्रॅमनी हलका. मला आनंद झाला. जड पिस्टन हलक्या रॉडला द्यायचा. क्रँक ग्राइंड होऊन बेअरिंगं नवी येणार होती, त्यामुळे रॉडचा सिलिंडर बदलायला हरकत नव्हती. फक्त प्रत्येक रॉडची कॅप, म्हणजे मोठ्या तोंडाचा सुटा होणारा अर्धा भाग, त्याच्याच अंगावर राहिली पाहिजे. पिना मात्र अदलाबदल केल्या नाहीत. पिन आणि पिस्टन जोडीने मापून आलेले असतात, एक ग्रॅम वाचवायला ती जोडी फोडू नये.

जोडणी करून बेरजा केल्या. ३८२.१ अधिक १५५.६, म्हणजे ५३७.७. बाकीचे तीन ५३४.१, ५३४.३, ५३४.१. सहा ग्रॅमचा फरक साडेतीनवर आला, तोही काहीही न घासता.

उरलेले साडेतीन ग्रॅम पिस्टनमधून काढले. अॅल्युमिनियमचे साडेतीन ग्रॅम म्हणजे सव्वा घनसेंटिमीटरच्या आसपास धातू, दिसायला बराच असतो. माथ्याला हात लावायचा नाही, रिंगेच्या खाचांजवळ जायचं नाही, पिनेच्या भोकाच्या वरच्या बाजूला तर मुळीच नाही, कारण स्फोटाचा सगळा दाब तिथून जातो. स्कर्टच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेराच्या, आतल्या खालच्या काठाला जाड पट्टी असते, ती याचसाठी. पिनेच्या बॉसची, म्हणजे पिन धरणाऱ्या जाड भागाची, खालची बाजूही थोडी चालते. मेस्त्रींनी पिस्टन फडक्यात गुंडाळून मांडीवर धरला, व्हाइसमध्ये धरलाच नाही, आणि गोल कानसेने घासायला लागले. दोन्ही बाजूंनी सारखं. दहा हात मारले की धुवायचा, पुसायचा, काट्यावर. शेवटच्या अर्ध्या ग्रॅमला ते पॉलिश पेपरवर आले. ५३४.२ला थांबले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि गॅरेजातली दोन्ही पोरं काट्याभोवती उभी होती.

मोठ्या तोंडांत फरक जेमतेम एक ग्रॅमचा होता. जडाच्या कॅपच्या तळाशी थोडं घासून जुळवलं. रॉड घासताना ओरखडे लांबीच्या दिशेने ठेवायचे आणि शेवटी गुळगुळीत करायचे. आडवा ओरखडा म्हणजे तडा जायला जागा.

एवढं झाल्यावर मी थांबलो असतो. मेस्त्रीच म्हणाले, "फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचं काय? फिरतं तर तेही."

नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत एक युनिट मोटरचे रोटर, पंपाचे इम्पेलर, ब्लोअर बॅलन्स करून देतं. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लचची प्रेशर प्लेट घेऊन गेलो. मशिनवरच्या मुलाने विचारलं, बॉबवेट आणलेत का? म्हटलं, चार सिलिंडर सरळ रांगेत आहेत, नुसताच फिरव. नुसता क्रँक फिरवला, उत्तम. कारखान्यात पाडलेली भोकं तशीच होती, ग्राइंडिंगने फारसं काही बिघडलं नव्हतं. फ्लायव्हील लावून फिरवलं, तेही ठीक. मग जुनी प्रेशर प्लेट बोल्ट केली आणि आकडा उडाला. २९०० ग्रॅम-मिलिमीटर.

हे माप मला नवं होतं. आमच्या धंद्यात वजन म्हणजे वजन, ते पारड्यात कुठेही ठेवा. इथे वजन गुणिले केंद्रापासूनचं अंतर. मुलाने प्लेट सोडून एक तृतीयांश फिरवून बसवली आणि पुन्हा मशिन चालू केलं. जड जागा प्लेटबरोबर फिरली. म्हणजे दोष प्लेटमध्येच, २००९ला टाकलेल्या प्लेटमध्ये.

मी तिथेच कागद काढला. माझा चौदा ग्रॅमचा पिस्टन, गुणिले ३७.५, म्हणजे ५२५. आणि प्लेट २९००. साडेपाच पट. सत्तरच्या वेगाला पिस्टनचा जोर पाच किलो, प्लेटचा एकोणतीस किलो. बाबांच्या हाताला जी थरथर लागायची तिच्यातला मोठा वाटा या प्लेटचा होता. मला तो पिस्टनच गुन्हेगार हवा होता, कारण तो मी माझ्या काट्यावर पकडला होता. पण आकडा आकडाच असतो.

नवी प्रेशर प्लेट घेतली, तीही फ्लायव्हीलवर लावून फिरवली. ४००च्या आसपास आली. फ्लायव्हीलच्या कडेला दोन उथळ भोकं पाडून तो मुलगा तिला ५०च्या खाली घेऊन आला. मग क्रँक, फ्लायव्हील आणि प्लेट तिन्हींवर पंचने खुणा केल्या, म्हणजे पुढे कुणी क्लच उतरवला तर त्याच जागी बसवेल. तुमच्या गाडीचा क्लच उतरवायचा असेल तर सोडण्याआधी ही खूण करायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याला मशिन लागत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सगळी वजनं तंतोतंत जुळली तरी चार सिलिंडरचं इंजिन पूर्ण शांत होत नाही. रॉड तिरका होत जात असल्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या भागात जास्त वेगाने सरकतो, खालच्या अर्ध्यात कमी. त्यातून दुप्पट गतीची एक थरथर निघते, ती चारही पिस्टनची एकाच दिशेने मिळते, आणि ती चौदा ग्रॅमच्या फरकापेक्षा कितीतरी मोठी असते. ती मारायला काही इंजिनांत दुप्पट वेगाने फिरणारे दोन बॅलन्स शाफ्ट असतात. पद्मिनीत नाहीत. म्हणून रेस दिल्यावर हलकी गुणगुण राहिली तर मेस्त्रीला दोष देऊ नका. शोधायची ती जड, ठोकल्यासारखी थरथर, प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारी.

मग पिस्टनचं वजन करणं फुकट गेलं का? मला तसं वाटत नाही. ५२५ हा आकडाही बॅलन्सिंगवाल्याने सोडून दिला नसता, आणि ते काम एका संध्याकाळचं आहे. सराफी काटा नसेल तर शेजारच्या सराफाला विचारा. पिस्टन स्वच्छ धुऊन न्या, नाही म्हणणार नाही. पिस्टन विकत घेतानाच वजन करा, बिल फाडायच्या आधी. आणि एकच पिस्टन बदलायची वेळ आली, तर जुन्या तिघांचं वजन घेऊन त्याच्याशी जुळवलेलाच चौथा घाला.

पहिले आठशे किलोमीटर मी गाडी पन्नास-पंचावन्नच्या वर नेली नाही. त्र्यंबक, गंगापूर धरण, एवढंच. मग एका रविवारी आईला घेऊन घोटीकडे निघालो. विल्होळी गेल्यावर रस्ता मोकळा मिळाला. साठ. पासष्ट. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, आत कुठेतरी हलकी गुणगुण होती, तेवढीच. सत्तर. मी आरशात बघितलं. मागे एक टँकर होता, एकच. त्याच्या काचेवरचं देवाचं नाव उलटं दिसत होतं, पण अक्षर न् अक्षर लागत होतं.

आई म्हणाली, "अरे, पुढे बघून चालव."